डेअरीतल्या फ्रीजचं लाईट बिल कमी कसं करायचं? जुनं मशीन सुधारायचं की नवीन घ्यायचं?

राजारामपुरी_डेअरी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दूध, दही, श्रीखंड, आईस्क्रीमचं छोटं दुकान आहे, मी आणि आमचे मिस्टर मिळून चालवतो. काचेच्या दाराचे दोन उभे कूलर, एक जुना आणि एक त्यामानानं नवीन, आणि एक आडवा डीप फ्रीझर. उन्हाळा लागला की बिल बघून पोटात गोळा येतोय. धंदा तेवढाच, दुधाच्या पिशव्या तेवढ्याच, बिल मात्र दरवर्षी वर. त्यात जुन्या कूलरचा कॉम्प्रेसर बंदच होत नाही, सकाळी शटर उघडताना चालू आणि रात्री ओढताना पण चालू.
एका शोरूमचा माणूस येऊन सांगून गेला, जुनं मशीन मोडीत काढा, नवीन घ्या, बिल निम्मं होतंय. खरंच निम्मं होतंय का? की आहे त्याच मशीनमध्ये काही करता येतं? ज्यांची दुकानं, हॉटेलं आहेत त्यांनी प्लीज अनुभव सांगा. दूध नासून चालत नाही एवढं लक्षात ठेवून सांगा.

रंकाळा_वारा
ताई, पहिला उपाय गिऱ्हाईकांवर करा. दार उघडं धरून घरी फोन लावतात, "अगं मँगो घेऊ का बटरस्कॉच?" आणि घरातल्यांचं एकमत व्हायला पाच मिनिटं लागतात :)

राजारामपुरी_डेअरी
@रंकाळा_वारा हो हो, अगदी! एक आजोबा तर उन्हातनं आले की दार उघडून आधी जरा गार वारं घेतात आणि मग ताक मागतात. त्यांना कोण काय म्हणणार.

शिरोली_फ्रीजवाला
ताई मी फ्रीजची कामं करतोय, दुकानं, बेकऱ्या, हॉटेलं सगळीकडं. नवीन घ्यायच्या आधी एवढं बघा.
जुन्या कूलरच्या खाली नाहीतर मागं जाळी असंल, ती काढा. आत कंडेन्सर दिसंल, बारीक पाती असलेली कॉइल. त्या पात्यांत धूळ, केस, उदबत्तीची राख, पिशव्यांचा भुगा असलं काय काय भरलेलं असतंय. मी परवा लक्ष्मीपुरीत एक कूलर उघडला तर धुळीचा थर बोटानं सोलून निघाला, पलीकडचा उजेडच दिसत न्हवता. आतली गरमी तिथनंच बाहेर पडायची असती. तीच वाट बंद मग कॉम्प्रेसर बिचारा काय करणार, पळतच राहणार.
प्लग काढायचा, मऊ ब्रश घ्यायचा, पाती ज्या दिशेला आहेत त्याच दिशेनं झाडायचं, आडवं घासलं तर पाती वाकतात. मग ब्लोअर नाहीतर व्हॅक्युम. पाणी मारायचं न्हाई, खाली वायरिंग, रिले सगळं उघडं असतंय. महिन्यातनं एकदा केलं तरी पुरे, पण करायलाच पायजे.
दुसरं दाराचं रबर. दहाची नोट रबर आणि फ्रेमच्या मधी धरून दार लावा आणि ओढा. अडकत अडकत आली तर रबर बरं आहे. सुळकन आली तर तिथनं गरम हवा आत चाललीय. चारी बाजूनं बघा, खालचे कोपरे जास्त बघा, दही-दूध सांडून तिथंच रबर कडक होतंय.
एवढं करा आणि मग सांगा कट-ऑफ होतंय का, म्हणजे कॉम्प्रेसर मधनंमधनं आपोआप बंद पडतोय का.

मिसळवाला_उद्यमनगर
शिरोलीवाल्या भावाचं बरोबर हाय पण हॉटेलात नुसत्या ब्रशनं भागत न्हाई. आमच्याकडं कटाचा तवंग हवेतनं जाऊन कंडेन्सरवर बसतोय आणि त्यावर धूळ चिकटती. ब्रश मारला तर नुसता चिखल होतोय. आम्ही तीन महिन्यानं मेकॅनिक बोलवून क्लीनरनं धुवून घेतो. आणि एक सांगतो, एकानं कॉस्टिकवालं पाणी मारलं होतं, ॲल्युमिनियमच्या पात्या खाल्ल्या त्यानं. क्लीनर कुठला हाय ते विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

कळंबा_काका
मी वीज क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो. दोन गोष्टी सांगतो, थोडं लांबेल.
पहिली गोष्ट, अंदाजावर जाऊ नका. तीन मशीनपैकी वीज कोण खातंय हेच तुम्हाला अजून माहीत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा सब-मीटर मिळतो, वायरमनकडून बोर्डात जोडून घ्या आणि एकेका मशीनचं पूर्ण २४ तासांचं रीडिंग घ्या. नुसतं दुपारचं घेऊ नका, रात्रीचं आणि गर्दीच्या वेळचं दोन्ही त्यात आलं पाहिजे. दिवसाला किती युनिट हा एकच आकडा काढा. तो हातात आला की कुणीही विक्रेता आला तरी तुम्ही त्याच्याशी हिशेबानं बोलू शकता.
दुसरी गोष्ट, फ्रीज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उपसून बाहेर फेकतो. विहिरीवरच्या मोटरीचं आहे तेच, पाणी जितकं उंच चढवायचं तितकी वीज जास्त. इथं चढ म्हणजे आतलं तापमान आणि कंडेन्सरचं तापमान यातला फरक. कंडेन्सरचं तापमान १ अंशानं चढलं की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानानं २ ते ३ टक्क्यांनी वाढते. आत गरजेपेक्षा १ अंश जास्त थंड ठेवलं तरी जवळपास तेवढाच फटका. धुळीनं कंडेन्सर १० अंशांनी जास्त तापला तर काय होईल ते तुम्हीच मोजा.
म्हणून मशीन कुठं उभं आहे ते बघा. भिंतीला चिकटून आहे का, पश्चिमेचं ऊन येतंय का, एका मशीनची गरम हवा दुसऱ्याच्या जाळीत घुसतेय का. या दुरुस्तीला पैसा लागत नाही, फक्त दोन माणसं लागतात ढकलायला.

राजारामपुरी_डेअरी
काका, वाचता वाचता उठून बघितलं. जुना कूलर दाराजवळ आहे, दुपारी तीननंतर त्याच्या काचेवर सरळ ऊन येतं. आणि त्याची गरम हवा डीप फ्रीझरच्या बाजूला जाते. सब-मीटर आजच आणायला सांगते.

शाहूपुरी_५
आमच्या कॉम्प्लेक्समधला एक दुकानदार रात्री १० ला सगळे फ्रीज बंद करतो आणि सकाळी ६ ला चालू करतो. म्हणतो आठ तासांची वीज वाचली. हे बरोबर आहे का?

प्रा_खाद्यविज्ञान
@शाहूपुरी_५ आत काय आहे त्यावर आहे. नुसत्या पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या सीलबंद बाटल्या असतील तर चालेल, खराब होण्यासारखं त्यात काही नाही, सकाळी गार व्हायला वेळ लागेल एवढंच. पण दूध, दही, पनीर, श्रीखंड, केक असेल तर अजिबात नाही. पाश्चराइज्ड दूध ५ अंशांच्या खालीच राहिलं पाहिजे, ४ धरून चाला. रात्रभरात ते १२-१५ वर गेलं की जंतू वाढायला लागतात आणि सकाळी परत गार केलं म्हणून ते मरत नाहीत. आईस्क्रीमला उणे १८. एकदा मऊ होऊन परत गोठलं की त्यात बर्फाचे खडे येतात, गिऱ्हाईक एका चमच्यात ओळखतं.
डेअरीवाल्या ताई, तुमच्या कूलरवरचा आकडा किती दाखवतो? तो आकडा सेन्सरजवळच्या हवेचा असतो, दुधाचा नव्हे. पाण्याची एक बाटली मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर घालून बघा. बऱ्याच दुकानांत भीतीपोटी १ वर लावून ठेवतात. बाटलीतलं पाणी १-२ अंश निघालं तर दोन अंश वर घ्यायला जागा आहे. ५-६ निघालं तर मात्र थर्मोस्टॅटला हात लावू नका, आधी मशीन दुरुस्त करा.

शाहूपुरी_५
म्हणजे पाण्याच्या बाटल्यांना वेगळा कूलर आणि दुधाला वेगळा केला तर पाण्याचा रात्री बंद ठेवता येईल. हे भारी आहे.

कळंबा_काका
अगदी. साधा टायमर लावा, दुकान उघडायच्या दोन-अडीच तास आधी चालू होईल असा. एका कूलरमध्ये दूध आणि कोल्ड्रिंक एकत्र कोंबलं की सगळ्यालाच दुधाचं तापमान द्यावं लागतं.

महाद्वार_कोल्ड्रिंक
आमचा कूलर कोल्ड्रिंक कंपनीनं फुकट दिलाय. फुकट म्हणजे मशीन त्यांचं, लाईट बिल आमचं. वरचा बोर्ड आणि आतली ट्यूब चोवीस तास चालू. दुसरा माल ठेवायचा नाही अशी पण अट. रबर फाटून सहा महिने झाले, तक्रार केली की "माणूस पाठवतो". आता काय करायचं?

शिरोली_फ्रीजवाला
दादा, करार हाय म्हणून सर्किटला हात लावू नका, पण वरच्या बोर्डाला वेगळा स्विच असतोय बऱ्याच मॉडेलला, रात्री तो बंद करा. आत ट्यूब असंल तर एलईडी बसवून मागा. कसंय, आत लावलेला दिवा दोनदा बिल लावतोय. एकदा जळायचं आणि एकदा त्याची गरमी कॉम्प्रेसरनं बाहेर काढायचं. रबराची तक्रार लेखी द्या, तारीख टाकून, फोनवर न्हाई.

मिसळवाला_उद्यमनगर
आणि माल भरताना ब्लोअरच्या तोंडावर क्रेट लावू नका! आमचं पोरगं वरपर्यंत ठासून भरायचं. वरच्या कप्प्यात बर्फ आणि खालच्यात कोमट. मग सगळे म्हणणार कूलिंग कमी झालं, नॉब फिरवा. मशीनला काय झालं न्हवतं, हवा फिरायला वाटच न्हवती.

पंचगंगाकाठ
आमचं दुकान शाहूपुरी कुंभार गल्लीकडं. २०१९ च्या पुरात डीप फ्रीझर अर्धा पाण्यात होता. वाळवला, कॉम्प्रेसर बदलला, चालू पण झाला, आम्हाला केवढा आनंद. पण तेव्हापासून बाहेरच्या पत्र्याला खालच्या बाजूला घाम येतो, पावसाळ्यात तर खाली पाण्याचं थारोळं. बिल पण वाढलंय असं वाटतं. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे, दरवेळी गॅस भरून जातो. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आधीच उचलून माळ्यावर टाकला, पण आधीचं दुखणं काही जाईना.

शिरोली_फ्रीजवाला
@पंचगंगाकाठ तुमचा गॅसचा प्रॉब्लेमच न्हाई वाटत मला. पत्र्याच्या आत फोम असतोय, पफ म्हणतो आम्ही. पत्र्याच्या सांध्यातनं पाणी आत शिरलं की फोम आणि पत्र्यामधी बसून राहतंय, ते वाळत न्हाई. ओला फोम गरमी अडवत न्हाई. जिथं बाहेरनं घाम येतोय तिथनंच थंडी चाललीय, हात लावून बघा, तेवढीच जागा गार लागंल. यावर उपाय न्हाई हो. कॉम्प्रेसर नवा घातला तरी पेटी तीच. असलं मशीन मात्र मोडीतच काढायचं, मी पुरानंतर कितीतरी जणांना तेच सांगितलं, लोकांचा जीव अडकलेला असतोय, दुकानातली पहिली वस्तू असती एखाद्याची.
आणि दरवेळी गॅस भरणाऱ्याला विचारा, लीक कुठं हाय? सीलबंद सिस्टीम हाय, गॅस संपत न्हाई, गेला म्हणजे कुठनंतरी गळालाय. लीक न काढता गॅस भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत. आणि जास्त भरला तरी मशीन वीज जास्त खातंय, काट्यावर वजन करून प्लेटवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरायचे.

पंचगंगाकाठ
हात लावून बघितलं. बरोबर तेवढीच जागा गार आहे, वितभर उंचीचा पट्टा, जिथपर्यंत पाणी होतं तिथपर्यंत. धन्यवाद दादा. इतक्या वर्षांत कुणी हे सांगितलं नव्हतं.

राधानगरी_दूधसंस्था
विषय थोडा बाजूला नेतोय पण दुधाचाच आहे. आमच्या गावच्या संस्थेत बल्क कूलर आहे, म्हणजे गावचं दूध एकत्र गार करायची मोठी टाकी. धार काढलेलं दूध साधारण ३५ अंशाला येतं ते ४ पर्यंत आणायचं. ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी: १००० लिटरला शुद्ध उष्णता ३५ युनिटच्या आसपास काढावी लागते, मशीन बरं असेल तर त्याला १४-१५ युनिट वीज. आम्ही दूध टाकीत ओतायच्या आधी प्लेट कूलरमधून नेतो, त्यात पत्र्याच्या एका बाजूनं दूध आणि दुसऱ्या बाजूनं विहिरीचं गार पाणी जातं. ते ३५ चं २८ झालं तरी एकूण कामातलं पाचातला एक भाग फुकटात झाला, आणि तेच कोमट पाणी कॅन धुवायला, जनावरांना. दूध लवकर गार होतं म्हणून प्रत पण सुधारते.
दुकानात हे जमणार नाही, पण तत्त्व तेच. गरम वस्तू फ्रीजमध्ये ढकलायची नाही.

राजारामपुरी_डेअरी
@राधानगरी_दूधसंस्था हे आमच्याकडे पण लागू आहे! बासुंदी आणि खरवस घरी करतो, पातेलं कोमट असतानाच कूलरमध्ये जातं. पण बाहेर किती वेळ ठेवायचं हा प्रश्न आहे, दुधाचा पदार्थ आहे.

प्रा_खाद्यविज्ञान
तासन् तास बाहेर ठेवू नका, बिल वाचवायला पदार्थ धोक्यात घालणं चुकीचं. पसरट भांड्यात ओता, ते थंड पाण्याच्या परातीत ठेवा, पाणी एकदोनदा बदला, अधनंमधनं ढवळा. खोलीच्या तापमानाला आलं की झाकून लगेच फ्रीजमध्ये. खोल पातेल्यात मधला भाग गार व्हायला फार वेळ घेतो. झाकण महत्त्वाचं, उघड्या भांड्यातली वाफ फ्रीजच्या आतल्या थंड कॉइलवर जाऊन बर्फ होते, आणि बर्फाचा थर जमला की थंडी बाहेर यायला अडथळा.

शिरोली_फ्रीजवाला
बर्फावरनं आठवलं. डीप फ्रीझरच्या भिंतीवर अर्ध्या बोटाचा बर्फ झाला की मशीन बंद करून वितळवा. माल दुसरीकडं हलवा, टब ठेवा, दार उघडा. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर घालू नका!! भिंतीतच पाईप असतोय, भोक पडलं की गॅस गेला आणि मशीन गेलं. असल्या केसेस दर उन्हाळ्यात येतात.

टाकाळा_टेक
गॅसचा विषय निघालाय म्हणून विचारतो. माझ्या बेकरीच्या मेकॅनिकनं ऑफर दिलीय, जुन्या कूलरमधला गॅस काढून आर-२९० भरून देतो, ग्रॅम पण कमी लागतात आणि बिल पण कमी येतं. नवीन कूलरमध्ये तोच गॅस असतो म्हणे. करून घेऊ का?

शिरोली_फ्रीजवाला
नको. नको. नको.

टाकाळा_टेक
तीन वेळा? :) कारण सांगा की भावा. नवीन मशीनमध्ये चालतो तर जुन्यात का नाही?

शिरोली_फ्रीजवाला
आर-२९० म्हणजे प्रोपेन, सिलेंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. पेटतो. नवीन मशीनमधी तो धरूनच डिझाईन केलेलं असतंय, थर्मोस्टॅट, रिले, स्विच, पंखा सगळं ठिणगी न पडणारं, गॅस मोजून थोडाच, प्लेटवर पेटत्या ज्वाळेचं चित्र. तुमच्या जुन्या कूलरमधी थर्मोस्टॅट आत, दर वेळी कट-ऑफला त्यात ठिणगी पडती. रात्रभर बंद पेटीत गॅस गळाला आणि सकाळी थर्मोस्टॅट ऑन झाला तर? बेकरीत, भट्टीशेजारी? माझा धंदा हाय, मला पैसे मिळत्यात असल्या कामाचे, तरी मी करत न्हाई.

कळंबा_काका
फ्रीजवाल्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. गॅस चांगलाच आहे, कार्यक्षम आहे आणि हवामानाला त्याचा त्रास जवळपास नाही. तापमानवाढीचा निर्देशांक, कार्बन डायऑक्साईडचा १ धरला तर, प्रोपेनचा साधारण ३ आणि फ्रीजमधल्या दुसऱ्या गॅसपैकी आर-१३४ए चा १४३०, आर-४०४ए चा ३९२२. म्हणून नवीन मशीन घेताना तो जरूर मागा. २०१६ च्या किगाली करारानुसार जास्त तापमानवाढ करणारे गॅस कमी करायचे आहेत, भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि आपली कपात २०३२ पासून सुरू होते. आज ४०४ए चं मशीन घेतलं तर दहा वर्षांनी त्याचा गॅस सहज मिळेल असं धरून चालू नका. पण जुन्या पेटीत प्रोपेन भरणं हा वेगळा विषय आहे, तो जिवाशी खेळ आहे.

टाकाळा_टेक
पटलं. त्याला नाही म्हणून सांगतो. मग जुन्यात अजून काय बदलण्यासारखं आहे? पंखा?

कळंबा_काका
हो, पंखा. आतला पंखा जवळजवळ चोवीस तास फिरतो. जुन्या मशीनमध्ये शेडेड पोल मोटर असते, स्वस्त पण अकार्यक्षम, खाल्लेल्या विजेतला बराच भाग गरमी होतो आणि तीही पेटीच्या आतच. त्याजागी त्याच मापाची ईसी मोटर मिळते, घरचे बीएलडीसी पंखे असतात त्याच जातीची. २० वॅट वाचले तरी दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला १४-१५. शिवाय आतली गरमी कमी झाली त्याचा फायदा वेगळा. पण पात्याचा आकार, फिरायची दिशा आणि हवेचा झोत पूर्वीइतकाच हवा, नाहीतर कॉइलवर बर्फ धरेल.

रंकाळा_वारा
मी विनोद करायला आलो होतो आणि आता घरच्या फ्रीजला दहाची नोट लावून बसलोय. खालच्या कोपऱ्यातनं सुळकन येतीय राव.

शिरोली_फ्रीजवाला
@रंकाळा_वारा रबर काढू नका लगेच. कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा, खाचेतली घाण काढा. मग हेअर ड्रायर लांबनं धरून रबर मऊ करा आणि कोपरा बाहेर ओढून दार लावून ठेवा, पुष्कळदा बसतंय. न्हाई बसलं तर मॉडेल नंबर घेऊन जा, मापाचं रबर मिळतंय. पुढचे पाय मागच्यापेक्षा जरा उंच करा, दार आपोआप लागंल.

राजारामपुरी_डेअरी
मंडळी, तुमच्या सांगण्याप्रमाणे एकेक केलं, आता आकडे देते.
सब-मीटर लावला. नवीन कूलर दिवसाला ५ च्या आसपास. डीप फ्रीझर ४. जुना कूलर साडेनऊ! म्हणजे निम्म्याहून जास्त वीज तो एकटा खात होता आणि आम्ही सगळा राग डीप फ्रीझरवर काढत होतो, तो मोठा दिसतो म्हणून.
जाळी काढली, मिस्टरांनी ब्रशनं झाडलं, मास्क लावून सुद्धा शिंका थांबेनात एवढी धूळ. कूलर दारापासून हलवून आतल्या भिंतीला नेला, मागे वीतभर जागा ठेवली. दाराचं रबर बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात वाळलेल्या दह्यानं कडक झालेलं आणि आत काळी बुरशी, ते नवीनच बसवलं. आतली ट्यूब काढून एलईडी. पाण्याच्या बाटलीत २ अंश आले म्हणून नॉब थोडा कमी केला, आता बाटलीत ४ येतात.
आता साडेसहा. आणि कॉम्प्रेसर बंद होतोय! पहिल्यांदा बंद झाला तेव्हा मला वाटलं लाईट गेली, मी बाहेर जाऊन शेजारच्या दुकानात विचारून आले.
आता मुख्य प्रश्न उरला, हा साडेसहावर आला तरी नवीन घ्यावा का?

मिसळवाला_उद्यमनगर
लई भारी ताई! नादखुळा काम केलं.

कळंबा_काका
अभिनंदन. आता हिशेब सोपा आहे. दिवसाला ३ युनिट कमी म्हणजे महिन्याला ९०, वर्षाला अकराशेच्या घरात. याला तुमच्या दरानं गुणा. दर काढताना बिलावरचा नुसता वीज आकार धरू नका, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क सगळं मिळून एका युनिटला किती पडतात ते काढा. स्थिर आकार मात्र धरू नका, तो युनिट कमी झाले तरी कमी होत नाही.
नवीन मशीनसाठीही तेच. साडेसहाच्या जागी ते किती युनिट घेणार ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. फरक गुणिले ३६५ गुणिले दर, ही वर्षाची बचत. किमतीला तिनं भागा, किती वर्षांत पैसे फिटतात ते कळेल. ३-४ वर्षांत फिटत असतील तर घ्या, ९-१० वर्षं दाखवत असेल तर आहे ते चालवा आणि कॉम्प्रेसर जाईल तेव्हा बघा. माझा अंदाज, आज घाई करू नये. साडेनऊ असताना नवीन घेतला असता तर सगळं श्रेय त्या मशीनला गेलं असतं आणि पश्चिमेच्या उन्हात उभं राहून तेही जास्तच खात बसलं असतं.
डीप फ्रीझर कधी बदलला तर त्यावर बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, स्टार लेबल बघा, २०२० पासून ते आलंय. नुसत्या ताऱ्यांवर जाऊ नका, लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, सारख्याच लिटरच्या दोन मशीनचे ते आकडे शेजारी ठेवून बघा.

राजारामपुरी_डेअरी
ठरलं, यंदा नवीन नाही. त्या पैशातनं आधी पंख्याची मोटर बघते. एकच शंका राहिली. पावसाळ्यात नवीन कूलरच्या काचेवर धुकं धरतं, आतलं काही दिसत नाही. त्याच्या दारात हीटर आहे म्हणे, तो वर्षभर चालू असतो का? आणि तो बंद केला तर चालेल का?

शिरोली_फ्रीजवाला
काही मॉडेलात काचेच्या फ्रेममधी बारीक हीटर वायर असती, काच दमट हवेत घामेजू नये म्हणून. आपल्याकडं जून ते सप्टेंबर तिची गरज हाय, इथला पाऊस तुम्हाला माहीतच हाय. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ती उगंच जळत असती आणि तिची थोडी गरमी आत पण जाती. वेगळा स्विच असंल तर उन्हाळ्यात बंद करा आणि दोन दिवस काच बघा, कोरडी राहिली तर पहिला पाऊस पडेपर्यंत बंदच ठेवा. स्विच नसंल तर वायर कापू नका, मेकॅनिककडनं स्विच काढून घ्या. डीप फ्रीझरच्या कडेचा हीटर मात्र बंद करायचा न्हाई, झाकण बर्फानं चिकटून बसंल.

राजारामपुरी_डेअरी
स्विच सापडला, मागे प्लेटच्या वर, छोटा हिरवा. बंद केलाय. सब-मीटर आता त्याच कूलरला लावला आहे, उद्या याच वेळेला रीडिंग टाकते.